वाऱ्याचे गणित

युरोप खंडाच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा एक लांबट देश आहे. या देशाचा पश्चिम किनारा फार दंतुर आहे. समुद्राच्या अरुंद खाड्या उंच डोंगरांमध्ये दूरवर शिरलेल्या आहेत. किनाऱ्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जी थोडीशी जमीन उरते, तिच्यात ते बटाटे, जव आणि गुरांसाठी गवत पिकवत. मच्छीमाराची होडी असो की शेतकऱ्याने कापून ठेवलेले गवत असो, दोघांचेही नशीब हवेच्या हाती असे. अचानक वादळ उठले, तर होडी परत येत नसे. नको तेव्हा पाऊस आला, तर गवत कुजून जाई आणि हिवाळ्यात गुरे उपाशी राहत.

हवा का बदलते? ती उद्या कशी असेल, हे हिशेब करून सांगता येईल का? हे प्रश्न याच देशातल्या एका शास्त्रज्ञाने आयुष्यभर उराशी बाळगले. त्यांचे नाव व्हिल्हेल्म ब्येर्कनेस. आज आपण रेडिओवर, दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर हवामानाचा अंदाज ऐकतो आणि पाहतो. त्या अंदाजाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत ब्येर्कनेस यांचे नाव फार वरचे आहे.

व्हिल्हेल्म यांचा जन्म १४ मार्च १८६२ रोजी क्रिस्तियानिया या शहरात झाला. हेच शहर १९२५ पासून ऑस्लो या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांचे वडील कार्ल अँटन ब्येर्कनेस हे तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. पाण्यासारख्या वाहत्या पदार्थांची गती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पाण्यात दोन गोल ठेवून ते एकाच तालात फुगवले आणि आकसवले, तर ते एकमेकांकडे ओढले जातात. उलट तालात फुगवले आणि आकसवले, तर ते एकमेकांना दूर लोटतात. ही गोष्ट वडिलांनी गणिताने सिद्ध केली होती. वीज आणि चुंबक यांच्या ओढीचे रहस्यही याच वाटेने उलगडेल, अशी त्यांना आशा होती.

या प्रयोगांत व्हिल्हेल्म वडिलांना मदत करू लागले. १८८१ मध्ये पॅरिस येथे विजेच्या उपकरणांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे वडिलांचे प्रयोग मांडण्यात आले. पाण्यात बुडवलेले गोल एकमेकांकडे सरकताना पाहून लोक थक्क होत. त्या वेळी वडिलांच्या हाताशी एकोणीस वर्षांचा व्हिल्हेल्म होता.

वडील बुद्धिमान होते, पण त्यांचा स्वभाव संकोची होता. आपले काम अगदी निर्दोष झाल्याशिवाय ते छापायला देत नसत. ते निर्दोष आहे, असे त्यांना कधी वाटतच नसे. वर्षे सरत गेली आणि ते इतर शास्त्रज्ञांपासून दूर पडत गेले. आपणही याच वाटेने गेलो तर असेच एकटे पडू, अशी भीती मुलाला वाटू लागली. वडिलांविषयी मनात पूर्ण आदर होता, तरीही व्हिल्हेल्म यांनी वेगळे होऊन शिकायचे ठरवले. मात्र वडिलांचे ऋण ते विसरले नाहीत. पुढे १९०० ते १९०२ या काळात त्यांनी वडिलांचे सिद्धान्त स्वतः नीट लिहून काढले आणि दोन खंडांत छापले.

१८८९ मध्ये व्हिल्हेल्म पॅरिसला गेले आणि थोर गणितज्ञ प्वांकारे यांच्या व्याख्यानांना बसले. तेथून ते जर्मनीतील बॉन या शहरी गेले. तेथे हाइनरिख हर्ट्‌झ हे शास्त्रज्ञ विद्युत लहरींवर प्रयोग करत होते. याच लहरींच्या आधारावर पुढे रेडिओ बनला. हर्ट्‌झ यांच्याबरोबर काम करून ब्येर्कनेस यांनी नाव मिळवले. १८९३ मध्ये ते स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे अध्यापक झाले आणि १८९५ मध्ये प्राध्यापक झाले. विजेच्या अभ्यासात त्यांचे भविष्य उज्ज्वल दिसत होते. पण त्यांचे मन पुन्हा वाहत्या पदार्थांकडे वळले. या वेळी त्यांच्यापुढे भांड्यातले पाणी नव्हते. सारा समुद्र आणि सारे वातावरण त्यांच्यापुढे होते.

मुलांनो, हवा आपल्याला दिसत नाही, म्हणून तिला वजन नसते असे आपल्याला वाटते. पण हवेलाही वजन असते. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटर जागेवर हवेचा सुमारे एक किलोग्रॅम भार पडतो. यालाच हवेचा दाब म्हणतात. तो बॅरोमीटर या उपकरणाने मोजतात. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सरासरी १०१३ मिलिबार असतो. दाब सगळीकडे सारखा नसतो. एके ठिकाणी जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी कमी असला, की हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. हाच वारा. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे वारा सरळ जात नाही. उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो. म्हणून कमी दाबाच्या जागेभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत आत येतात. या चक्राला आवर्त म्हणतात.

आवर्तात चारी बाजूंनी हवा गोळा होते. तिला जायला जागा वरच असते, म्हणून ती वर चढते. वर दाब कमी असतो, त्यामुळे ती पसरते आणि पसरताना थंड होते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवा दाबली की तापते आणि पसरली की थंड होते. थंड हवेतील बाष्पाचे बारीक थेंब बनतात आणि ढग तयार होतात. ढग दाटले की पाऊस पडतो. जास्त दाबाच्या जागी याच्या उलट घडते. तेथे हवा वरून खाली उतरते, दाबली जाऊन तापते आणि ढग विरून जातात. म्हणून बॅरोमीटरचा पारा वेगाने उतरू लागला की दर्यावर्दी सावध होत, आणि चढू लागला की त्यांना हायसे वाटे.

त्या काळच्या शास्त्रज्ञांनी मानले होते, की आदर्श द्रवात नवा भोवरा जन्मत नाही आणि असलेला भोवरा मरत नाही. ब्येर्कनेस यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले, की हवा आणि समुद्र यांना हा नियम तसाच लागू पडत नाही. हवेचे जडपण फक्त दाबावर अवलंबून नसते. ते तापमानावरही अवलंबून असते. म्हणून जेथे गरम आणि थंड हवा शेजारी शेजारी येतात, तेथे नवे अभिसरण सुरू होते. कोकणात दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे हे याच नियमाने वाहतात. हा शोध लहान वाटतो, पण त्यामुळे वाऱ्याचा जन्म गणिताच्या सूत्रात बांधता आला.

यानंतर ब्येर्कनेस यांच्या मनात एक धाडसी विचार आला. ग्रहण कोणत्या दिवशी व कोणत्या मिनिटाला लागेल, हे खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षे आधी सांगतात. मग उद्याचा पाऊस का सांगता येऊ नये? हवा हीसुद्धा निसर्गाच्या नियमांनीच चालते. १९०४ मध्ये त्यांनी एका जर्मन नियतकालिकात लेख लिहून आपला विचार मांडला. हवेची स्थिती सात गोष्टींनी पूर्ण समजते, असे त्यांचे म्हणणे होते. हवेचा दाब, तापमान, घनता, आर्द्रता आणि वाऱ्याच्या वेगाचे तीन दिशांतील तीन भाग, या त्या सात गोष्टी. या सातही गोष्टी आज ठिकठिकाणी किती आहेत, हे अचूक मोजावे. मग पदार्थविज्ञानाच्या नियमांनी त्या उद्या किती होतील, याचा हिशेब करावा. एवढे केले, की हवामान सांगता येईल.

विचार सोपा होता, पण काम अवघड होते. हवेच्या वरच्या थरांत काय चालले आहे, हे फारसे माहीत नव्हते. समीकरणे इतकी किचकट होती, की ती सोडवता सोडवता उद्याचा दिवस उजाडून मावळून जाई. तरी ब्येर्कनेस मागे हटले नाहीत. १९०५ मध्ये अमेरिकेत जाऊन त्यांनी आपली योजना सांगितली. ती ऐकून वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने त्यांना दरवर्षी आर्थिक मदत द्यायचे ठरवले. ही मदत १९४१ पर्यंत चालू राहिली. या पैशातून ते तरुण सहायक नेमत. अनेक देशांतील हुशार तरुण त्यांच्याकडे शिकून तयार झाले. वडील एकटे पडले होते, मुलाने मात्र आपल्याभोवती माणसे जमवली.

१९०७ मध्ये ब्येर्कनेस स्वदेशी परतले आणि क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठाने त्यांना नव्या भूभौतिकी संस्थेचे संचालक म्हणून बोलावले. काम जोरात सुरू झाले. पण दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. संस्थेतील जर्मन विद्यार्थी आणि सहायक एकामागून एक सैन्यात भरती झाले. हर्बर्ट पेटझोल्ट नावाचा एक विद्यार्थी, वारे जेथे एकत्र येतात त्या रेषांचा अभ्यास करत होता. तो १९१६ मध्ये व्हर्दनच्या लढाईत मारला गेला. त्याचे अर्धे राहिलेले काम ब्येर्कनेस यांच्या मुलाने हाती घेतले. या मुलाचे नाव याकोब. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा-एकोणीस वर्षांचे होते.

जर्मनीत अन्नाची टंचाई झाली. प्रयोगशाळा ओस पडली. अशा वेळी नॉर्वेतून निरोप आला. ध्रुवप्रदेशाचे प्रसिद्ध संशोधक फ्रित्यॉफ नान्सेन आणि समुद्रशास्त्रज्ञ हेलांड-हान्सेन यांनी त्यांना बर्गेन या शहरात नवी संस्था उभारण्यासाठी बोलावले. १९१७ मध्ये ब्येर्कनेस कुटुंबासह बर्गेनला आले. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते.

बर्गेन हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बंदर आहे. तेथे वर्षाला सुमारे २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईतही साधारण एवढाच पाऊस पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. बर्गेनला तो बाराही महिने पडतो. हवामानाचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली जागा कोणती?

नॉर्वे युद्धात उतरला नव्हता, पण युद्धाची झळ त्यालाही लागली. समुद्रात पाणबुड्या फिरत असल्यामुळे बाहेरून धान्य येणे कठीण झाले. १९१८ मध्ये देशात अन्नधान्य मोजून वाटण्याची वेळ आली. देशात जे पिकेल ते वाया जाऊ न देणे, एवढेच लोकांच्या हाती होते. त्यासाठी पाऊस केव्हा येणार, हे शेतकऱ्याला आधी कळणे जरुरीचे होते. पण नेमके तेच कळत नव्हते. नॉर्वेकडे हवा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्रावरून आणि ब्रिटनवरून येते. युद्धामुळे ब्रिटनने हवामानाच्या तारा पाठवणे बंद केले होते. शत्रूला आपल्या हवेची खबर लागू नये, अशी काळजी प्रत्येक देश घेत होता. समुद्रावरच्या जहाजांकडूनही काही समजत नव्हते. हवामानाचा अर्धा नकाशा कोरा पडला होता.

आता ब्येर्कनेस यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. समीकरणे सोडवून हवामान सांगायचे, हे त्यांचे स्वप्न होते. ते पुरे व्हायला अजून किती वर्षे लागतील, ते सांगता येत नव्हते. लोकांना तर याच उन्हाळ्यात मदत हवी होती. त्यांनी आपले मोठे स्वप्न काही काळ बाजूला ठेवले आणि हाताशी असलेल्या साधनांनी अंदाज द्यायचे ठरवले. समुद्रापलीकडून खबर येत नसेल, तर आपल्याच किनाऱ्यावर शक्य तितके डोळे उघडे ठेवायचे, ही त्यांची युक्ती होती. सरकारची मदत घेऊन त्यांनी पश्चिम नॉर्वेत हवामान नोंदवणाऱ्या केंद्रांची संख्या कित्येक पटींनी वाढवली. त्यासाठी ते स्वतः किनाऱ्याने फिरले. दीपगृहाचे रखवालदार, मच्छीमार आणि पाणबुड्यांवर नजर ठेवणारे नौदलाचे पहारेकरी यांना त्यांनी समजावून सांगितले. वारा कोणत्या दिशेने येतो, ढग कोणते दिसतात, पारा चढतो की उतरतो, हे सारे त्यांनी पाहावे आणि बर्गेनला कळवावे. जगातला एक नामवंत प्राध्यापक कोळ्यांकडून आकाश वाचायला शिकत होता.

१९१८ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसाठी रोजचे अंदाज सुरू झाले. बर्गेनच्या कामाची जबाबदारी वीस वर्षांच्या याकोबवर टाकण्यात आली. युद्ध संपल्यावर ब्येर्कनेस यांच्या राहत्या घराच्या वरच्या मजल्यावरच हवामान कचेरी भरू लागली. हाल्व्हर सोल्बर्ग, टोर बर्गेरॉन, कार्ल-गुस्ताव रॉस्बी असे तरुण तेथे काम करत. कोणीच फारसे वयस्क नव्हते. तारेने आणि टेलिफोनने आकडे येत, ते नकाशावर मांडले जात. नकाशा पाहून अंदाज लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी आपला अंदाज खरा ठरला का, हे खिडकीतून पाहायचे, असा क्रम चाले.

याच नकाशांनी एक नवी गोष्ट दाखवली. पूर्वी केंद्रे एकमेकांपासून फार दूर होती. जाळ्याची भोके मोठी असली, तर लहान मासे निसटून जातात. तसेच हवेतले बारीक बदल जुन्या नकाशांतून निसटून जात. आता जाळे दाट झाले होते. याकोबला दिसले, की आवर्तात हवा हळूहळू बदलत नाही. काही ठरावीक रेषांवर ती एकदम बदलते. रेषेच्या एका बाजूला उबदार हवा आणि दुसऱ्या बाजूला थंड हवा असते. रेषा ओलांडताच वाऱ्याची दिशाही बदलते. १९१९ मध्ये त्याने अवघ्या काही पानांच्या एका निबंधात हा शोध मांडला.

महायुद्ध नुकतेच संपले होते. दोन सैन्ये जेथे समोरासमोर उभी राहतात, त्या जागेला आघाडी म्हणतात. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा याही अशाच समोरासमोर उभ्या असतात. कधी एक पुढे सरकते, कधी दुसरी. म्हणून बर्गेनच्या मंडळींनी या रेषांना आघाडी हेच नाव दिले. ते नाव आजतागायत चालू आहे.

ही आघाडी आपल्या डोक्यावरून जाते तेव्हा काय घडते, ते पाहू. उबदार हवा हलकी असते. ती पुढच्या थंड हवेला ढकलू शकत नाही, म्हणून तिच्या पाठीवर चढत जाते. ही चढण फार सौम्य असते. तिला उष्ण आघाडी म्हणतात. ती येण्याआधी कित्येक तास आकाशात निशाणी दिसू लागते. प्रथम खूप उंचावर पिसांसारखे पांढरे ढग येतात. त्यांना तंतुमेघ म्हणतात. मग आकाशावर पातळ पडदा पसरतो आणि सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. पडदा जाड होत जातो आणि खाली उतरतो. पारा घसरतो. शेवटी करडे ढग सारे आकाश झाकतात आणि संथ पाऊस तासन्‌तास पडत राहतो.

मागून थंड हवा येते. ती जड असते, म्हणून लाकडात पाचर घुसावी तशी उबदार हवेखाली घुसते. ही थंड आघाडी. येथे उबदार हवा झपाट्याने वर फेकली जाते. फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच उंच वाढतात. वारा सुटतो, विजा चमकतात आणि जोराच्या सरी येतात. पण हे फार वेळ टिकत नाही. आघाडी निघून गेली, की वाऱ्याची दिशा बदलते, गारवा येतो, पारा चढतो आणि आकाश मोकळे होते. थंड आघाडी जास्त वेगाने चालते. ती उष्ण आघाडीला गाठते, तेव्हा मधली सारी उबदार हवा जमिनीपासून उचलली जाते. मग आवर्ताचा जोर कमी होतो आणि ते विरून जाते. हा शेवटचा भाग प्रथम बर्गेरॉन यांच्या लक्षात आला. माणसाप्रमाणे आवर्तालाही जन्म, तारुण्य आणि म्हातारपण असते, हे बर्गेनच्या या लहानशा कचेरीने जगाला शिकवले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. उष्ण आणि थंड आघाड्यांचा हा खेळ मुख्यतः युरोप, अमेरिका यांसारख्या समशीतोष्ण प्रदेशांत चालतो. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात पडणारा मोसमी पाऊस अशा आघाड्यांमुळे पडत नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, तेव्हा कोकणात मुसळधार पाऊस कोसळतो. मात्र वर चढलेली हवा थंड होऊन ढग बनतात, हा नियम बर्गेनला आणि रत्नागिरीला सारखाच लागू आहे. हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन काश्मीर आणि पंजाबात बर्फ व पाऊस पाडणाऱ्या लहरी या युरोपातील आवर्तांच्याच कुळातल्या असतात.

नव्या विचाराला लगेच मान्यता मिळाली नाही. अनेक देशांतील जुन्या तज्ज्ञांना या आघाड्या म्हणजे तरुणांची कल्पना वाटली. अमेरिकेच्या हवामान खात्याने ही पद्धत पूर्णपणे स्वीकारायला सुमारे वीस वर्षे घेतली. पण मासेमारी करणाऱ्यांना आणि विमाने चालवणाऱ्यांना तिचा उपयोग पटत गेला. आज हवामानाच्या नकाशावर थंड आघाडी निळ्या दातेरी रेषेने आणि उष्ण आघाडी तांबड्या अर्धवर्तुळांच्या रेषेने दाखवतात.

आणि ब्येर्कनेस यांचे पहिले स्वप्न? ते इतरांनी उचलून धरले होते. इंग्लंडमधील लुईस फ्राय रिचर्डसन यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेतली. महायुद्धात रुग्णवाहिका चालवत असताना त्यांनी केवळ कागद-पेन्सिलीने सहा तासांच्या हवामानाचा हिशेब केला. १९२२ मध्ये त्यांनी तो पुस्तकात छापला. उत्तर साफ चुकले होते. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे त्यांचा हिशेब सांगत होता. प्रत्यक्षात तो जवळजवळ बदललाच नव्हता. तरीही रिचर्डसन यांनी ते उत्तर लपवले नाही. हिशेबाची रीत बरोबर होती, आणि पुढच्या लोकांनी चूक शोधून ती सुधारली.

१९२६ मध्ये ब्येर्कनेस ऑस्लोच्या विद्यापीठात परत गेले आणि १९३२ मध्ये निवृत्त झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना कधी मिळाले नाही. त्यांचे विद्यार्थी मात्र देशोदेशी पोहोचले होते. रॉस्बी आणि याकोब यांनी पुढे अमेरिकेत हवामानशास्त्राची नवी पिढी घडवली.

१९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाच्या संगणकावर हवामानाचा पहिला यशस्वी हिशेब झाला. तो करणाऱ्यांत रॅगनार फ्योरटॉफ्ट हा नॉर्वेचा शास्त्रज्ञही होता. चोवीस तासांचा अंदाज काढायला संगणकाला जवळजवळ चोवीस तासच लागले. पण १९०४ मध्ये सांगितलेली गोष्ट अशक्य नाही, हे सिद्ध झाले. ब्येर्कनेस तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९५१ रोजी, ऑस्लो येथे त्यांचे निधन झाले.

या घराण्याचा आपल्या मोसमी पावसाशीही एक धागा जोडलेला आहे. भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असताना गिल्बर्ट वॉकर यांनी एक विचित्र गोष्ट शोधली होती. हिंदी महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढला, की पॅसिफिक महासागराच्या पूर्व बाजूला तो कमी होतो. मुलांच्या सीसॉच्या फळीसारखा हा खेळ चालतो. असे का होते, ते वॉकर यांना समजले नव्हते. १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी दाखवून दिले, की पॅसिफिकचे पाणी तापण्याशी याचा संबंध आहे. पाणी तापण्याच्या या घटनेला एल निन्यो म्हणतात. भारतात दुष्काळ पडलेल्या अनेक वर्षी एल निन्यो होता. म्हणून आज मोसमी पावसाचा अंदाज देताना त्याच्याकडे बारकाईने पाहतात.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष नावाचा महासंगणक बसवण्यात आला. असे महासंगणक दाब, तापमान, आर्द्रता आणि वारे यांचे जे गणित करतात, त्याचा मार्ग ब्येर्कनेस यांनी १९०४ मध्ये आखून दिला होता. पण संगणकालाही आधी आकडे द्यावे लागतात. आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच वाजता कुलाब्याच्या आणि रत्नागिरीच्या वेधशाळेत हवेची नोंद घेतली जाते. त्याच क्षणी नॉर्वेच्या किनाऱ्यावरही ती घेतली जाते. मग हे सारे आकडे एकमेकांना दिले जातात. १९१८ मध्ये शेजारी देशांनी आपापली हवा लपवली, तेव्हा शेतकरी आणि कोळी अंधारात राहिले होते. आज बहुतेक सर्व देश आपल्या हवेच्या नोंदी जगाला देतात, म्हणूनच वादळ येण्याआधी किनाऱ्यावरच्या गावांना सावध करता येते आणि होड्या वेळेवर बंदरात परततात.